माप

बरबँकमध्ये, मॅग्नोलिया रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर
मी राजकन्येचे हात करते.
चेहरा दुसऱ्या खात्यात. केसांना तर नऊ माणसं.
माझ्याकडे खांद्यापासून खाली, नखांपर्यंत.

सकाळी शेरा येतो: मनगट थोडं बारीक.
मी करते.
दुपारी येतो: अजून थोडं.
आता ते मनगट तिच्याच डोळ्याच्या बाहुलीतून जाईल,
सुईत दोरा ओवावा तसं.

राजाचे हात ग्रेगरकडे.
त्यांना पेरं आहेत, शिरा आहेत, अंगठ्यावर जुना वण.
स्वयंपाक्याच्या हाताला लव आहे.
घोड्यालासुद्धा गुडघे आहेत.
राज्यात पुरुषांची नाकं बत्तीस तऱ्हेची;
राजकन्या, तिची मेलेली आई, दासी
आणि तरुणपणीची चेटकीण
एकाच नाकावर भागवतात.
रागावली तरी कपाळाला आठी नको, हे पहिल्याच बैठकीत ठरलं.
आठी पडली की म्हणे आधीच चेटकीण दिसते.

माझी आई कासारीण. बार्शीची.
चाळीस वर्षांत तिने मापाला काही वापरलं नाही.
हात हातात घ्यायचा, अंगठा आत दुमडायचा,
पेरांची हाडं दाबून बघायची आणि म्हणायचं,
सव्वादोन.
किंवा, अडीच, आणि साबण लाव गं जरा.
कोण दिवसभर धुणी धुते, कोणाला दिवस गेलेत,
कोणाचा हात कोणी पिरगाळलाय,
तिला दाबातच कळायचं.
दुकानासमोर पुरुष भांडायचे,
बांगड्या भरल्यात का हातात, म्हणून एकमेकांना डिवचायचे.
आई आतून ओरडायची,
या की, तुमच्या मापाच्याही आहेत!

मे महिन्यात, फुटपाथ जॅकरांडाने जांभळा चिकट झालेला असताना,
शाल्मली शाळेच्या झोपाळ्यावरून पडली.
डॉक्टर ओहानेस्यानने उजेडाच्या काचेवर एक्स-रे लावला,
पेनच्या टोकाने मोजून दाखवलं:
मनगटात आठ हाडं. हे बघ, हे वाटाण्याएवढं.
गाडीत शाल्मलीने विचारलं,
तुझ्या राजकन्येला किती?
एक सांधा, मी म्हटलं.
मग ती पडली तर?
ती पडत नाही. तिला झेलतात.
अकरा वर्षांची पोर सिग्नल सुटेपर्यंत गप्प.
मग म्हणाली, मला नाही झेललं कोणी,
आणि प्लास्टरवर माझी सही मागितली.

विहिरीच्या प्रसंगात चौतीस फ्रेम आहेत
जिथे ती एकटीच दोर ओढते.
(पस्तिसावीत राजपुत्र येतोच, आणि दोर घेतो.)
त्या चौतीसमध्ये, एका रात्री, सगळे गेल्यावर
मी तिला पेरं दिली.
करंगळीच्या बाजूला ते वाटाण्याएवढं हाड दिलं.
दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत सगळ्यांनी ते पाहिलं,
खुर्च्या करकरल्या, कोणीतरी बर्फ चघळत होतं,
पुढे चला, म्हणाले.
डोलोरेस तेवढी थांबली.
प्रकाशयोजनेतली, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.
बोलली काहीच नाही.
संध्याकाळी बघते तर त्या फ्रेममधला दिवा
तिने थोडा डावीकडे सरकवला होता,
हाडाची सावली पडेल इतपत.

आईने सिनेमा भाच्याच्या टॅबवर पाहिला,
मला फोनवर धरून ठेवून.
पोरगी गोड आहे, म्हणाली,
पण हिला बांगडी राहायची नाही गं.
अडायला हाड नको का?
हात वर करून गायला लागली की
सगळ्या काखेत.
मी हसले. मी दिग्दर्शकाची बाजूही थोडी सांगितली,
पगार माझा तिकडूनच येतो.
ती ऐकत नव्हती.
थांबव रे, ती भाच्याला म्हणाली. मागे घे. अजून मागे.
मग बराच वेळ फक्त बार्शीतला पंखा ऐकू येत राहिला.

अडीच, आई म्हणाली.
साबण लागेल.