धुकेचर

कुलाला नाव मिळेपर्यंत दोन हिवाळे गेले.
स्कूवॉयच्या धक्क्यावर मासळीची वजनं लिहिते मी,
वहीच्या मागच्या पानांवर ते वाढत गेलं:
धुकेचर.
पूर्वज एकच, वादळात बेट चुकलेला,
परत जायचं राहून गेलेला.

होग्नीला चित्र दाखवलं तेव्हा तो दोर तपासत होता,
वीतवीत, बोटांनी.
भाऊ माझा कड्यावरचा माणूस.
बराच वेळ बघून म्हणाला,
"चवीला कसा?"

असा पक्षी नाहीये, म्हटलं.
"ते कळलं. पण चवीला?"

मग लिहावं लागलं:
खारा धुकेचर. मांस काळसर, तेलकट,
रूबार्बच्या मुरंब्याबरोबर बरं लागतं.

दुसऱ्याच्या पायावर त्याने नख टेकवलं.
"ओल्या दगडावर हा उभा राहायचा नाही.
मागचं बोट दे."
बोट दिलं, तशी जात बदलली,
जात बदलली तशी शेजारची सोयरीक मोडली,
रात्रभर खोडरबराचा चुरा फुंकत बसले.

अंडं टोकाला निमुळतं कर, नाहीतर गडगडेल.
पिल्लाला इतकं पांढरं ठेवू नकोस,
गिधाडं नसली तरी स्कुआ आहेत इथे.

अकरा जाती झाल्या.
एक फक्त चर्चच्या घंटेला ओ देते.
एकीचा नर आयुष्यात एकदाच जमिनीवर उतरतो, तेही चुकून.
बारावी अजून सुचलेली नाही,
तिची ओळ कोरी.

खऱ्या पक्ष्यांची वही होग्नीकडे. वडिलांपासूनची.
तिच्यात आताशा एकच वाक्य असतं, साल तेवढं बदलतं:
*पफिन कमी. जाळं टाकलं नाही.*

या जुलैत तो कड्यावरून उतरला,
दाराशी बूट काढले,
आणि मी काही विचारलं नसताना म्हणाला,
"पफिन चाळीसेक.
कपारीखालचा तुझा तो करडा
आज दिसला नाही."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.
थट्टेचा मागमूस नाही. मोजे ओले, ओठ फुटलेले.

वही काढली. तारीख घातली.
करडा धुकेचर, आणि पुढे
पेन्सिल अडली.

किटलीतला चहा ओतता ओतता
पाठमोराच म्हणाला,
"शून्य नको लिहूस.
धुकं होतं."