डावखुरा

शुक्रवारी नमाजाच्या आत मटण स्ट्रीट गाठायची,
नंतर कुतुबभाईचा भाव चढतो.
"आइये तळपदेसाब, आपके लिये कचरा रखा है."
कचरा म्हणजे तागाची एक पिशवी:
अडकित्ते, स्टोव्हच्या पिना, दुर्बिणीचा एकच डोळा,
आणि तळाशी माझी माणसं.

मी डोकं उलटं करतो, भिंग लावतो.
अक्षर म्हणजे साल, आकडा म्हणजे तिमाही.
डब्ल्यू, तीन.
म्हणजे एकावन्न, पावसाळा.
कुणी पहिल्या पगारात घेतला असेल, कुणाला सासऱ्यानं दिला असेल,
हे मी आपलं पदरचं घालतो, पितळेत तसं काही नसतं.
पंचवीसेक वर्षांत अक्षरं संपली
की कंपनी पुन्हा 'ए'वर यायची,
म्हणून नुसत्या अक्षरावर जाऊ नये.
मुठीची लांबी घ्यावी, नर्लिंगचे दाते मोजावेत,
आजोबांचं नाव ठेवलेल्या नातवाचं
आपण नाक बघतो, तसं.

बत्तीस वर्षं टूलरूममध्ये गेज धरला,
मला चूक आधी दिसते, वस्तू मागाहून.
मूठ फिरवली की दोन दारं उघडणारे सतरा,
टोपी, पट्टी, मूठ असे तीन तुकड्यांचे एकेचाळीस,
बिस्किटांच्या डब्यांत, कापसावर.
माझगावच्या हवेत मीठ आहे,
दर पंधरवड्याला पुसले नाहीत तर हिरवे पडतात.
कुंदा म्हणते, लोकांचे उष्टे वस्तरे घरात.
म्हणते, आणि जुन्या साडीची फडकी
तीच कापून ठेवते.

आमच्या वडिलांचा यात एकही नाही.
ते ताडवाडीच्या कोपऱ्यावर उकिडवे बसत,
सखोबा त्यांचा गाल चिमटीत ताणून धरत,
महिन्याच्या बोलीवर.
वडील गेले तेव्हा सखोबांनी
उरलेल्या अकरा दिवसांचे पैसे परत केले.

तर हा परवाचा.
एकाच बाजूनं चालणारा, डबीसारखं झाकण,
साल नाही, देश नाही, पेटंटचा आकडा नाही.
व्हर्नियर लावला, जुनी कॅटलॉगं उलटीपालटी केली,
कुर्ल्याच्या डिमेलोला फोन केला.
तो म्हणाला, नक्कल असेल, ठेव खाली.
पण निकलचा मुलामा एका जागी उडालाय,
अंगठ्याएवढा,
आणि तो माझ्या अंगठ्याखाली येत नाही.
उलट्या बाजूला आहे.
डावखुरा होता तर.

कोमट पाण्यात रात्रभर ठेवला.
सकाळी ब्रश घातला तर फटीतून
साबणाची एक खपली निघाली, तिच्यात केस.
काळा.
मी बराच वेळ भिंग खाली ठेवलं नाही.
काळाच का, असं मनात येतंच.
मग मीच म्हटलं, दाढी राखली असेल,
नवा घेतला असेल,
माणूस काय मरायलाच बसलेला असतो?

कार्डावर लिहिलं: कर्ता अज्ञात. पितळ, निकल.
डावा हात.
केसाचं काय लिहावं ते सुचेना.
केस बेसिनमध्ये सोडला, नळ उघडा ठेवला थोडा.

मला स्वतःला पात्याला मनाई आहे.
रक्त पातळ करायची गोळी चालू आहे,
डॉक्टर म्हणतात, ओरखडासुद्धा नको.
अठ्ठावन्न रेझर घरात,
आणि मी रोज प्लॅस्टिकचं गुरगुरतं यंत्र फिरवतो गालावर.

आज मात्र फेस केला. वाटी, ब्रश, सगळं.
बिनपात्याचा तो हातात घेतला, उजव्या,
आणि कानाजवळून खाली ओढला.
फेस निघाला. खुंट तिथेच.
अंगठा पुन्हा चुकीच्या जागी.
मान वर केली,
तर आरशातल्या माणसानं
तो डाव्या हातात धरलेला,
अंगठा बरोबर झिजलेल्या जागेवर.
कुंदानं बाहेरून विचारलं, किती वेळ?
म्हटलं, होतच आलंय.
दुसरा गाल राहिलाय.