डावीकडे ओढते

उद्या आठ वाजता सियामविझा साहेब येणार.
एन्डोलाच्या आमच्या यार्डात चौदा गाड्या ओळीने उभ्या आहेत,
पत्र्याला हात टेकला तर कातडी सोलेल असं ऑक्टोबरचं ऊन.
जकरांदाची जांभळी फुलं बॉनेटवर पडत राहतात.
मी ती झाडत नाही.
फुलांसाठी त्यांच्या फॉर्मात रकाना नाही.

बाकी सगळ्याला आहे.
लुबिंडा टायरच्या खाचेत नाणं घालून खोली बघतो,
आग विझवायच्या नळकांड्यावरचा काटा हिरव्यात आहे का, बघतो,
हवेच्या टाकीतलं पाणी सोडतो,
आणि दर वेळी त्या फुस्स आवाजाला दचकतो.
एकोणीस वर्षांचा आहे.
परावर्तक पट्टी चिकटवताना जीभ बाहेर काढतो.

माझ्याकडे वही.
ड्रायव्हर जे सांगतात ते त्यांनीच लिहायचं,
त्याखाली मी काय केलं ते मी.
कुणी वायपरवर पानभर लिहितो,
कुणी नुसती बरोबरची खूण करून जेवायला पळतो.
जुन्या वह्या कपाटात आहेत.
त्यातली एक सगळ्यात खाली, पाठ निघालेली.
पाच वर्षांमागचा कागद कुणी मागत नाही,
टाकून दिली तरी चालेल.

तिच्यात कापेंब्वाचं अक्षर आहे,
शाळेतल्यासारखं, रेघेला धरून:
ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते.
त्याखाली माझं:
तपासलं. ठीक.

मी वाकलो नव्हतो.
तांबं भरून झालं होतं, गाडी संध्याकाळच्या आत निघायची होती,
मालकीणबाई फोनवर होत्या
आणि पेन हातातच होतं.
पेन जॅकपेक्षा फार हलकं असतं.

म्पिकाच्या अलीकडच्या उतारावर
तांब्याचे पत्रे गवतात विखुरले होते.
मी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं
आणि सगळं रान पेटल्यासारखं चमकत होतं.
सुंदर दिसत होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या वर्षी तपासणीत आम्ही पास झालो.
वही पुरी होती.
एकही रकाना कोरा नव्हता.

कापेंब्वा आता फाटकावर असतो.
डावा पाय चार बोटं आखूड,
चालताना अंग त्या बाजूला झुकतं.
रोज सकाळी मी विचारतो, कसं काय?
तो म्हणतो, डावीकडे ओढते,
आणि खदखदून हसतो.
मीही हसतो.
आठ वर्षं झाली.
ती थट्टा आहे की तक्रार, मला अजून कळलेलं नाही,
आणि तक्रार असेल तर
खाली काय लिहायचं असतं.

रात्रीचे दहा.
नऊ नंबरच्या मागच्या चाकाची सळई
हवी त्यापेक्षा बोटभर जास्त बाहेर येते.
कागदावर उद्या निभावून जाईल.
साहेब भला माणूस आहे, गुडघे दुखतात त्याचे,
तो वाकणार नाही.
मी मालकीणबाईंना कळवलं: उद्या तेराच.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग त्या म्हणाल्या, तुझ्या पगारातून?
मी म्हटलं, बघा.

जॅक लावला. पाठीखाली पुठ्ठा.
लुबिंडा घरी गेलाय, उजेड धरायला कुणी नाही.
मग खडीवर पाऊल वाजलं, एक जड, एक हलकं,
आणि विजेरीचा गोल चाकाखाली आला.
कापेंब्वा काही बोलला नाही.
त्याच्या श्वासाला सुक्या मासळीचा वास.

पाना बसेना. सावली आड येत होती.
जरा डावीकडे, मी म्हणालो,
आणि म्हटल्यावर जीभ चावली.

तो हसला नाही.
उजेड डावीकडे सरकला,
आणि तिथेच स्थिर राहिला.