पंख्याचं बटण

रामबागेतल्या सभागृहात
समई कधी एकदाच पेटत नाही.
पाहुणे काडी लावतात, मी चुकतो,
किंवा अध्यक्षांचा शेला आड येतो,
मग मी म्हणतो, "सर, जरा परत."
आणि पेटलेल्या वातीला विझलेली काडी टेकवून
सगळे माझ्याकडे बघून हसतात.

एकोणीस वर्षं हेच करून राहिलो, भिया.
गुणगौरव, मुंज, एकसष्टी,
वधूवर मेळावा, त्यात वधू आठ आणि वर छप्पन्न.
कोजागरीला चंद्र नाही,
चंद्राकडे बघणारे कार्यकारिणीचे सदस्य.
अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या:
बंद गिरण्यांचे म्हातारे कामगार
ट्रॉलीवरचे पुठ्ठ्याचे हत्ती अजून हलवतात.
पहाटे चारला माझी बॅटरी संपते,
त्यांची नाही.
रंगपंचमीच्या गेरमध्ये कॅमेरा दुधाच्या पिशवीत,
नुसतं भिंग बाहेर.
हार, शाल, श्रीफळ. शाल, श्रीफळ, हार.
दर फोटोचे चाळीस रुपये, अल्बम वेगळा.

कार्तिकात देवासहून फोन आला, रात्री साडेदहाला.
"मावशी गेली. शशिकला टेंभेकर.
तिचा एकटीचा फोटोच सापडत नाहीये.
तुमच्याकडे असेल ना?
ती तर प्रत्येक कार्यक्रमाला असायची."

असायची.
मी दोन्ही हार्ड डिस्क काढल्या.
पदर सापडला.
फुलांचं तबक धरलेले हात सापडले,
घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला.
माइकच्या दांड्यामागे अर्धं कपाळ.
आमदारांच्या खांद्यावरून एक डोळा.
उजेड तपासायला घेतलेल्या एका फोटोत
ती होती पूर्ण, पण धूसर.
पुढच्या फोटोत नव्हती.
मध्ये मी काय म्हणालो ते आठवलं:
"मावशी, तुम्ही जरा बाजूला, मावत नाहीये."

अडीच वाजता लक्षात आलं.
प्रत्येक दीपप्रज्वलनात, अगदी डाव्या कडेला,
लाकडी बोर्डावर तिचा हात.
पंखा बंद करायची ती.
एकोणीस वर्षं वात विझली कशी नाही
हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

त्यातल्या एकात ती वर बघत होती,
पाती थांबली का ते.
चेहरा पूर्ण. डोळ्यांत माझ्याच फ्लॅशचा ठिपका.
कापला, मोठा केला, दाणे दिसायला लागले,
बोर्ड तेवढा पुसून टाकला.

शोकसभेत लोक म्हणाले, किती प्रसन्न!
नजर बघा, थेट वर.
मागून कुणी म्हणालं, देवाकडेच.
मी लेन्स पुसत राहिलो.

सचिव बक्षींनी काडी ओढली. विझली.
दुसरी ओढली. वातीपर्यंत गेली आणि विझली.
ओंजळीचा आडोसा झाला, धोतराचा सोगा झाला,
"काड्याच सर्दावल्यात" असंही झालं.
वर पंखा आपला गरगर.

मी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून कडेला गेलो.
अकरा बटणं. एकावरही काही लिहिलेलं नाही.
आधी मी माइक घालवला,
मग स्टेजवरचे दिवे,
"अरे कोण आहे तिकडे?"
मग पंखा.

फार वेळ लावतात पाती थांबायला.
मान वर करून उभं राहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी बक्षींचा फोन:
"बाकी सगळे आले. समई लावतानाचा कुठाय?"
नाहीये, म्हणालो.
"असं कसं? तोच तर मुख्य."
चाळीस रुपये कमी द्या, म्हणालो.