आठ बोटांचा हिशेब

दुकानात तीन करवती टांगलेल्या,
साखळीच्या, विजेवर चालणाऱ्या.
खाली उभी उग्ने, जिच्या आजीला मी
अळंब्यांच्या टोपल्यांसकट दर गुरुवारी
मार्चिन्कोनिसच्या बसमधून नेलं-आणलं, तीस वर्षं.
"झिग्मासकाका, कापायचंय काय?"

लिंडन.
ऑक्टोबरच्या वादळात कुंपणावर आडवं झालेलं,
बुंधा माझ्या मिठीत जेमतेम मावणारा.
त्यातून चमचे निघतील, लोण्याचे डबे,
आणि गुडघे टिकले तर मधमाश्यांच्या दोन पेट्या.
पेट्रोलची नको. शेड घराला चिकटून आहे,
धूर थेट ब्रोनेच्या खोलीत जातो,
आणि गेल्या हिवाळ्यापासून तिचा खोकलाच
माझ्याशी जास्त बोलतो.

पहिली एकोणसाठ युरोची, लालभडक.
खोक्यावरचा माणूस हसत हसत ओंडका कापतोय.
मी झाकण उघडून बघितलं, आत दातेरी चाक प्लास्टिकचं.
म्हणजे हा मनुष्य पुढच्या वर्षी हसणार नाही.
तिसरी एकशे नव्वदची,
सगळं काही आपोआप, साखळी ताणणंसुद्धा.
हात पुढे करून धरली, वीस मोजायला लागलो.
चौदाला खांदा थरथरला.
नाकापेक्षा मोती जड,
आणि पेन्शनपेक्षाही.

मधली राखाडी. दिसायला अगदीच ओबडधोबड.
चौऱ्याण्णव युरो, साडेचार किलो, पस्तीस सेंटिमीटरची पट्टी,
दोन्ही बाजूंनी कापलं तर बुंध्याला पुरेल.
चाक लोखंडी.
"साखळी आलीतुसला मिळते," उग्ने म्हणाली,
"पण तेल गळतं थोडं. ठेवताना खाली पुठ्ठा घाला."
दोष आधी सांगणाऱ्या विक्रेत्यावर
माझा जरा जास्तच विश्वास बसतो.

मग तिने हँडलपुढचा काळा दांडा दाखवला.
"करवत उसळून अंगावर आली तर हा मनगटावर आपटतो
आणि साखळी जागच्या जागी थांबते.
हा नसेल ती करवत फुकट दिली तरी घेऊ नका."
माझा डावा हात कोटाच्या खिशात होता.
हात दाखवून अवलक्षण कशाला.
एकोणीस वर्षांचा होतो, लाकूडगिरणीत
असला दांडा नव्हता.
एक मुकादम होता, तो लांबून "सावकाश" म्हणायचा.

पैसे मोजताना मात्र हात बाहेर काढावाच लागला.
उग्नेने बघितलं, नाणी घेतली,
आणि दरडावल्यासारखी म्हणाली,
"हातमोजे घ्या. बारा युरो. इथे काटकसर चालणार नाही."

संध्याकाळी ब्रोनेने मोजे उलटे केले
आणि डाव्यातली दोन रिकामी बोटं
मुळाशी शिवून टाकली, दुहेरी दोऱ्याने.
"लोंबती राहिली तर साखळी ओढून घेईल," एवढंच बोलली.
चाळीस वर्षांत त्या बोटांविषयी
इतकं सरळ आम्ही कधी बोललो नव्हतो.

वायर बुंध्यापासून दोन मीटर आखूड पडली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं
मी झाडालाच शेडकडे सरकवलं,
पहारीने, वीत वीत, अख्खी सकाळ.
मग बटण दाबलं.
ओल्या लिंडनचा पांढरा भुसा बुटांवर पडला,
गोडसर वासाचा,
आणि अर्ध्या चिरेतच साखळी थांबली. घरात काळोख.

ब्रोनेने किटली लावली होती.

या घराची वायरिंग आमच्या लग्नाच्या आधीची,
एका वेळी तिला एकच काय ते सोसतं,
करवत किंवा चहा.
चौऱ्याण्णव युरोंत हे कुणी सांगितलं नव्हतं.

तर आता असं चालतं:
ती शाल गुंडाळून दारात येऊन बसते,
वाऱ्याच्या वरच्या अंगाला,
मी एक काप पुरा करतो, प्लग काढतो,
बोट वर करतो,
आणि ती आत जाऊन पाणी ठेवते.
पाणी उकळेपर्यंत मी साखळीवर कानस फिरवतो,
दर दाताला तीन वेळा, एकाच दिशेने,
आणि मोजे काढल्यावर, सवयीने,
मोजून घेतो.