वरचा कप्पा

होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात,
पण ग्वाल्हेरात ती जाता जाता मागं वळून बघते.
म्हणून धुळवडीनंतर मी आठ दिवस थांबते,
मगच स्टुलावर चढते.

गच्चीच्या कठड्यावर आमची सगळी थंडी
पालथी पडलेली, ऊन खात.
मफलरच्या टोकाला अजून मेळ्यातल्या पापडाचं तेल.
डांबराच्या गोळ्यांनी ह्यांना शिंका येतात,
तेव्हा कडुनिंबाचा पाला, वर्तमानपत्राच्या पुड्यांत.
वरचा कप्पा भरतो.
दार गुडघ्यानं लोटावं लागतं.

मुलगी पुण्याहून फोनवर कपाट बघते.
"आई, वर्षभर अंगाला लागलं नाही
ते सरळ काढून टाक."
तिकडे वर्ष एकच असेल, बाई.
इथे एका कपाटात तीन राहतात
आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत.
रजईला लू ठाऊक नाही,
मलमलीला जानेवारी.

जूनच्या दुपारी कपाटाचं लोखंड
हात लावू देत नाही.
घडीत बोटं घातली तर कपडे
आत्ताच इस्त्रीवरून उतरल्यासारखे.
फिकं, विरलेलं, बिनबाह्यांचं सगळं खाली, हाताशी.
चंदेरीच्या दोन साड्या काढते,
घडी मोडते, दुसरीकडून घालते,
नेसत नाही. परत ठेवते.
ह्याला आवरणं म्हणतात का, विचारू नका.

श्रावणात ह्यांच्या पट्ट्याला बुरशी आली.
पुसताना दिसलं:
तिसरं भोक ताणून लांबट झालेलं, ऑफिसातलं,
आणि पाचवं नवं,
खिळा तापवून घरीच पाडलेलं.
मला न सांगता.

आणि तो कोट.
राखाडी, कोपरांवर चकाकणारा,
एजी ऑफिसात तीस हिवाळे बसलेला.
नवरात्राच्या आधी दरवर्षी बाहेर काढायचा,
झटकायचा, विचारायचं, "देऊ?"
"राहू दे."
चार वर्षं राहू दे.
पाचव्या वर्षी पेपरातून मान न काढता म्हणाले, "बघ."
अडतीस वर्षांत एवढं कळतं,
"बघ" म्हणजे
मी घरात नसताना कर.

खिसे तपासले.
बडीशेपेचे चार दाणे,
कुणाच्या तरी निरोपसमारंभाची यादी,
ह्यांच्या नावापुढे: दहा रुपये बाकी.
यादी ठेवून घेतली, का कोण जाणे.
कोट कोपऱ्यावरच्या पातीरामला दिला.
त्यानं आधी त्याला इस्त्री केली,
मगच अंगात घातला.

कपाटात हँगर उरला.
दार उघडलं की जरासा हलायचा,
कुणी आत्ताच उठून गेल्यासारखा.
ह्यांनी त्याला काही अडकवलं नाही,
मीही नाही.
मुलगी म्हणाली, "बघ, किती जागा झाली!"

जानेवारी. धुकं असं,
की दुधाची पिशवी हातात आहे
हे वजनावरून ओळखायचं.
आम्ही दोघं लक्ष्मीगंजातून परत येत होतो,
आणि पुढे, वीस पावलांवर, एक पाठ.
राखाडी. डावा खांदा किंचित खाली.
हे थांबले.
"अगं, तो बघ," म्हणाले,
"मी चाललोय."
मग, थोड्या वेळानं,
"उशीर झालेला दिसतोय मला."

आणि चालायला लागले, झपझप,
गुडघ्याचं दुखणं माझ्या हवाली करून.
कोपऱ्यावर ती पाठ वाकली,
इस्त्रीत कोळसे घालू लागली.
धुक्यात तेवढंच एक लाल.

मला वाटलं, काहीतरी बोलतील,
परत मागतील, किंवा निदान हात लावून बघतील.
हे गळा खाकरून म्हणाले,
"पातीराम, अंदर की जेब फटी है।
पैसे मत रखना।"

तो हसला, कोटाची छाती थोपटली.
"सिलवा ली, साब।"

तीस वर्षं मी म्हणत होते,
शिवते, शिवते.