ढवळ्याच्या नावातला चौकोन

शंकरपटाच्या निकालाचं चित्र
आता कोड काढतं, दर फेरीला एक:
जोडीचं नाव, मालक, गाव, सेकंद.
आधी हे झिबल पेंटर फळ्यावर लिहायचे,
धुऱ्यावर खुर्ची टाकून,
धूळ बसायच्या आत रंग वाळवत.

मी त्यांचाच हात मागितला.
जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर
त्यांनी अक्षरं लिहून दिली, मध्ये मध्ये तंबाखू मळत.
प च्या पोटात जरा जास्त वारं,
र वाकलेला, सुटायच्या आधीच्या बैलासारखा.
महिनाभर कडा घासल्या. फॉन्ट झाला.
माझ्या लॅपटॉपवर छान दिसायचा.

सर्व्हरवर पहिल्या दिवशी नुसते चौकोन.
कुठल्याशा थंड खोलीतली ती मशीन,
तिला ना झिबल ठाऊक, ना लाखनी तालुका.
तिच्या घरी काहीच नसतं, हे उशिरा कळलं.
फाइल सोबत न्यावी लागते, फडक्यात बांधून,
आणि पत्ता सांगावा लागतो थेट मुळापासून.

दुसऱ्या दिवशी अक्षरं आली,
पण वेलांट्या शेजारच्या दारात:
किसन मेश्रामचा कसिन झाला,
जोडाक्षरं पाय मोडून पडलेली.
त्यांना सांधणारी आणखी एक लायब्ररी,
ती बसवता बसवता रात्रीचे दोन.

मग सगळं नीट. फक्त
ढव ▢ या.

पत्रिका पुन्हा चाळल्या.
ह नंतर थेट क्ष.

"तो कायले देऊ?" झिबलजी म्हणाले.
"आमच्या तोंडात तो अक्षरच नाही, बापा.
डोरा म्हनतो, केरा म्हनतो, बैलाले ढवऱ्या म्हनतो.
ळ लोकायचा. कोनी मांगला का लिवतो."

मी मागितला.
त्यांनी ब्रश बुडवला, झटकला,
आणि हात न उचलता काढला:
वर जू, खाली दोघं.

चौतिसावी फेरी. भोंगा ओरडला, "ढवऱ्याऽऽ!"
आणि मोबाइलवर आलं
ढवळ्या-मोगऱ्या, खैरी, आठ पूर्णांक एकवीस.
झिबलजींनी फोन लांब धरला,
दोन बोटांनी मोठं करून पाहिलं.
"उजवा जरा मांगं हाये."

बैल की अक्षर, मी विचारलं.
ते पुढच्या जोडीकडे बघत होते.